परदेशातील शिक्षण : मोजमाप आणि पारख

बारावीचा निकाल लागला की सोलापूर जिल्ह्यातील शिक्षकांपुढे एक प्रश्न हमखास येतो : 'सर, मुलाला परदेशात मेडिकलला पाठवलं तर चालेल का?' विचारणाऱ्याने बहुधा जमीन गहाण टाकण्याची किंवा कर्ज काढण्याची तयारी केलेली असते. विद्यापीठातील विद्यार्थी एखाद्या सत्रापुरता विनिमय योजनेतून बाहेर जाणार असला, तरी प्रश्न तोच असतो : तेथे जे शिकायचे त्याचा दर्जा कसा ओळखावा आणि येथे परतल्यावर ते धरले जाईल का?

दर्जा तपासायचा तर आधी मोजायचे एकक हवे. विद्यापीठीय शिक्षणात हे एकक म्हणजे श्रेयांक, अर्थात क्रेडिट. आपल्याकडील २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात वर्षाचे १२०० तास अध्ययन म्हणजे ४० श्रेयांक असे गणित आहे. म्हणजे एका श्रेयांकाला ३० तास. युरोपीय पद्धतीत वर्षाचे ६० श्रेयांक असतात आणि एका श्रेयांकामागे २५ ते ३० तासांचा अभ्यास धरतात.

आता समजा, एक विद्यार्थी युरोपात एक सत्र पूर्ण करून ३० श्रेयांक घेऊन परतला. वर्षाच्या हिश्श्याने पाहिले तर ते अर्धे वर्ष, म्हणजे आपले २० श्रेयांक. तासांनी पाहिले तर ते ७५० ते ९०० तास, म्हणजे आपले २५ ते ३० श्रेयांक. दोन्ही हिशेब चूक नाहीत, पण उत्तरे वेगळी येतात. कोणता हिशेब धरायचा हे विद्यार्थी जाण्यापूर्वी लेखी ठरले नसेल, तर परतल्यावर त्याचे सत्र वाया जाण्याची भीती असते.

युरोपात १९८७ मध्ये इरॅस्मस ही विनिमय योजना सुरू झाली. तिच्यात या अडचणीवर सोपा उपाय आहे. विद्यार्थी, पाठवणारे विद्यापीठ आणि स्वीकारणारे विद्यापीठ हे तिघे आधीच अध्ययन करारावर सह्या करतात. कोणते विषय घ्यायचे, त्यांचे किती श्रेयांक आणि ते मूळ पदवीत कोठे धरायचे, हे त्यात लिहिलेले असते. भारतातही विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये परदेशी विद्यापीठांबरोबरच्या सहयोगाचे नियम केले. जोड कार्यक्रमात, म्हणजे ट्विनिंगमध्ये, परदेशातील श्रेयांक एकूण श्रेयांकांच्या ३० टक्क्यांहून अधिक असता कामा नयेत. संयुक्त पदवीसाठी दोन्ही विद्यापीठांत प्रत्येकी किमान ३० टक्के श्रेयांक मिळवावे लागतात. दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन चालणाऱ्या अभ्यासक्रमांना ही सवलत नाही.

पण तास मोजले म्हणजे दर्जा कळला असे नाही. सोलापुरी चादरीची लांबी-रुंदी टेपने मोजता येते. वीण किती घट्ट आहे हे मात्र बोटांनी चाचपावे लागते. शिक्षणाची वीण म्हणजे विद्यार्थ्याने प्रत्यक्ष काय हाताळले आणि त्याला काय करता येऊ लागले. वैद्यकीय शिक्षणात हा फरक सर्वांत स्पष्ट दिसतो.

परदेशातून वैद्यकीय पदवी घेऊन येणाऱ्यांना २००२ पासून एक चाळणी परीक्षा द्यावी लागते. तीत ३०० प्रश्न असतात आणि उत्तीर्ण होण्यास १५० गुण लागतात. बऱ्याच सत्रांत चार परीक्षार्थींपैकी जेमतेम एक उत्तीर्ण झाला आहे. म्हणजे पाच-सहा वर्षे आणि घरची पुंजी खर्च झाल्यावर दर्जाची पहिली खरी तपासणी होते. ती जाण्याआधी व्हावी, हा नोव्हेंबर २०२१ च्या नियमांमागील एक हेतू मानता येईल. त्यानुसार अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमाचा हवा. त्याच संस्थेत १२ महिन्यांची आंतरवासिता हवी. आणि त्या देशात तेथील नागरिकांप्रमाणे डॉक्टर म्हणून नोंदणी मिळण्याची पात्रता हवी. भारतात परतल्यावर आणखी १२ महिने आंतरवासिता करावी लागते. नीटची पात्रता तर २०१८ पासूनच आवश्यक आहे. करोनाच्या काळात अनेकांचे शिक्षण ऑनलाइन चालले, तेव्हा केवळ ऑनलाइन वैद्यकीय शिक्षण ग्राह्य नाही, असे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले. रुग्णाच्या पोटाला हात न लावता पोट तपासायला शिकता येत नाही, हे त्यामागचे साधे कारण.

येथे माध्यमाचा एक पेच आहे. वर्ग इंग्रजीत चालला तरी वॉर्डातील रुग्ण इंग्रजीत बोलत नाही. दुखते कोठे, कधीपासून, हे त्याच्याच भाषेत विचारावे लागते. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. ते तेथे शिकायला नव्हे, सेवेला गेले होते. तरीही त्यांचे उदाहरण आपल्या विषयाला नेमके लागू पडते. ते चिनी भाषा शिकले, त्या भाषेत रुग्णांशी बोलले आणि विद्यार्थ्यांना शिकवूही लागले. १९४१ मध्ये बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचे तेथेच निधन झाले. परदेशी गेलेला माणूस तेथील लोकांत किती मिसळला, यावर त्याचे काम किती खोल जाते हे ठरते. विद्यार्थ्यालाही हाच नियम लागू आहे.

तेव्हा पालक किंवा विद्यार्थी विचारायला आले, तर शिक्षकांनी त्यांना पाच प्रश्न लिहून द्यावेत, असे आम्हाला वाटते. या पदवीवर त्या देशात काम करता येते का? प्रात्यक्षिक कोठे आणि किती महिने? तेथील भाषा शिकवण्याची सोय आहे का? येथे परतल्यावर हे शिक्षण कोणत्या नियमाने धरले जाईल? आणि हे सारे संस्थेने लेखी दिले आहे का, की केवळ दलालाने तोंडी सांगितले आहे? जागतिक क्रमवारीतील स्थान पाहायला हरकत नाही, पण त्यातून या पाचांपैकी एकाचेही उत्तर मिळत नाही. पाचही उत्तरे कागदावर आल्याशिवाय पहिला हप्ता भरू नये, एवढे जरी आपण घरोघरी पोचवले, तरी कित्येक कुटुंबांची पुंजी आणि मुलांची वर्षे वाचतील.