हौदातलं न दिसणारं राजकारण

अंगणातल्या हौदाचं पाणी नितळ आहे म्हणून ते निरोगी असेलच असं नाही, आणि जरा हिरवट आहे म्हणून ते वाईटही नसतं. माशांचा खरा शत्रू अमोनिया, आणि त्याला रंग नसतो. माशांचे कल्ले, विष्ठा आणि तळाशी कुजणारं खाद्य यांतून तो पाण्यात येतो. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट; ते मग कमळ, हायड्रिला खतासारखं शोषून घेतात. हे जिवाणू जमायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. हौद भरला त्याच दिवशी पिशवीभर मासे सोडणारे हौशी इथेच फसतात.

या जिवाणूंचं घर म्हणजे फिल्टरचा स्पंज. तो नळाखाली खळखळून धुतला की क्लोरीनने वसाहत मरते. हौदाच्याच पाण्यात पिळावा. आठवड्याला १० ते २० टक्के पाणी बदलावं. नळाचं पाणी असेल तर आधी दिवसभर उघडं ठेवावं.

उन्हाळ्यात जास्त जपावं लागतं. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसातच. त्यात रात्री शेवाळही तोच ऑक्सिजन वापरतं. म्हणून पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडताना दिसले, तर आधी कारंजं किंवा हवेचा पंप सुरू करा. औषधाची बाटली नंतर शोधा.

डासांच्या अळ्या? त्या गप्पी मासे आवडीने खातात, आणि स्वतःची पिल्लंही.