लेक दिली, आता आईकडे बघा!

मैत्रिणींनो, आमच्या खोडाळ्यात पावसाळ्यात नुसती झोड आणि एप्रिल-मेमध्ये हंडाभर पाण्यासाठी पायपीट. अशा गावात कुंडीची हौस भागवायची तर कोरफड, पानफुटी, शेर ही गुबगुबीत, पाणी साठवणारी झाडंच बरी. शेजारणीकडून फांदी मागून आणायची, हा तर आपला जुना रिवाज. पण फांदी दिली की मूळ झाडाकडे कुणी ढुंकून बघत नाही आणि ते पावसात सडतं. बचत गटाच्या बैठकीत ही तक्रार हमखास निघते.

छाटणी दिवाळीनंतर किंवा होळीच्या सुमारास करा, भर पावसात नको. फांदी पिरगळून तोडू नका. सुरी गरम पाण्याने धुऊन, पुसून एकाच घावात कापा. मग फांदी पाच-सात दिवस सावलीत ठेवा. जखमेवर खपली धरली की लावा, नाहीतर ती कुजते. निम्मी माती, निम्मी जाड वाळू किंवा विटेचा चुरा घ्या. कुंडीला भोक हवंच. पहिला आठवडा पाणी नको.

पानफुटीचं पान मातीवर ठेवलं तरी कडेने रोपं फुटतात. कोरफडीचं पान मात्र रुजत नाही, सडतं. बुंध्याशी आलेलं पिल्लू मुळासकट काढा. शेराचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, मुलांना लांब ठेवा.

आता आई. तिला बाळंतिणीसारखं जपा. एका वेळी एक-दोनच फांद्या घ्या. कापलेल्या जागी कोळशाची पूड लावा, आठवडाभर पाणी तोडा. शेंडा गेला की खालच्या डोळ्यांतून नवे फुटवे येतात, म्हणजे झाड उलट डेरेदार होतं. पावसाळ्यात कुंडी पागोळ्यांखालून उचलून ओसरीत, उजेडाला ठेवा. पांढरे पिठ्या ढेकूण दिसले तर साबणाच्या पाण्याच्या बोळ्याने पुसा.

रानातही हेच. शिवनेरीच्या कड्यांवर उगवणारी शिंदळ माकुडी, म्हणजे शिवसुमन, ही अशीच मांसल वनस्पती. निसर्गात ती फक्त महाराष्ट्रात सापडते, तीही विरळाच. तिचीही फांदी रुजते, म्हणून तर जाणकार रोपं वाढवू शकतात. आपण मात्र डोंगरावरून असलं काही उपटून आणू नये. आई जागेवर राहिली तरच पुढच्या लेकी!