आजार एकाचा, रोगी दोघे

आरोग्याच्या या सदरात आज सिनेमाचा विषय कसा, असे आपल्याला वाटेल. गेल्या रविवारी मुंबईहून आलेल्या मुलाने त्याच्या लॅपटॉपवर मला 'द थिअरी ऑफ एव्हरीथिंग' हा 2014 सालचा इंग्रजी चित्रपट दाखविला. दोन तास मी जागचा हललो नाही. चित्रपट शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांच्या संसाराचा आहे, परंतु मला त्यात सारखे पोलादपूर तालुक्यातले एक प्राथमिक शिक्षक आणि त्यांची पत्नी दिसत होती. घरच्यांची परवानगी घेऊन, ओळख पटेल अशा खुणा बदलून, आज त्या दोघांविषयी लिहितो.

आधी हॉकिंग यांच्याविषयी. आपल्या डॉ. जयंत नारळीकरांची पुस्तके ज्यांनी वाचली आहेत त्यांना हे नाव परके नाही. 1961 साली इंग्लंडमधील एका वैज्ञानिक मेळाव्यात नारळीकर व्याख्याते होते आणि हॉकिंग ऑक्सफर्डचे विद्यार्थी. दोघांत टेबल टेनिसचा सामना झाला व तो आपण जिंकला, अशी आठवण नारळीकरांनी सांगितली आहे. पुढे दोघेही केंब्रिजला होते. तेव्हा बॅट धरणारा तो हात दोन वर्षांतच दगा देऊ लागला. 1963 मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, हॉकिंगना मोटर न्यूरॉन डिसीज असल्याचे निदान झाले आणि डॉक्टरांनी दोन वर्षांची मुदत सांगितली. जेन वाइल्ड या तरुणीला हे सारे माहीत होते. तरीही जुलै 1965 मध्ये तिने त्यांच्याशी लग्न केले. हॉकिंग जगले 2018 पर्यंत, म्हणजे 76 वर्षे. जानेवारी 2001 मध्ये ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या परिषदेसाठी मुंबईत आले होते आणि 59 वा वाढदिवस त्यांनी तिथेच साजरा केला.

आमच्या गुरुजींच्या हातून खडू पडू लागला तो 2018 च्या पावसाळ्यात. वय पंचेचाळीस. उजव्या अंगठ्याजवळचे मांस झडले होते, दंडात किडे वळवळल्यासारखी थरथर दिसे. मी मानेचा पट्टा दिला, बी-12 ची इंजेक्शने दिली आणि चार महिने घालवले. चूक माझीच. थरथर आणि झड दोन्ही एकत्र दिसत होती, तेव्हाच त्यांना मेंदूरोगतज्ज्ञांकडे धाडायला हवे होते. शेवटी मुंबईला मानेचा एम.आर.आय. आणि स्नायूंचा विद्युत आलेख झाला व हॉकिंग यांच्याच आजाराचे नाव कागदावर आले.

हा आजार काय करतो ते सोप्या शब्दांत सांगतो. मेंदूपासून स्नायूंपर्यंत हुकूम पोहोचविणाऱ्या मज्जापेशी एकेक करून मरतात. हुकूम येईना, म्हणून स्नायू वाळतात. आधी हात किंवा पाय, कोणाची आधी जीभ, मग गिळणे, शेवटी श्वास. स्पर्श कळतो, दिसते, ऐकू येते आणि बहुतेकांची बुद्धी शाबूत राहते. हा संसर्गजन्य नाही. दहांतल्या एखाद्याच रुग्णाच्या बाबतीत तो घराण्यात चालत आलेला असतो. लक्षणे सुरू झाल्यापासून दोन ते पाच वर्षे हा सर्वसाधारण काळ. शंभरात पाच-दहा जण दहा वर्षे ओलांडतात. हॉकिंग हा त्यातलाही विरळा अपवाद, तेव्हा त्यांचे उदाहरण देऊन कोणी खात्री देऊ लागला तर ती मानू नये. रिलुझोल नावाच्या गोळीने आयुष्य काही महिन्यांनी वाढते. बरे करणारे औषध आजही नाही.

आणखी एक गोष्ट घाबरणाऱ्यांसाठी. हाताचे मांस झडले म्हणजे हाच आजार, असे नाही. मानेतल्या मणक्याचा दाब मज्जारज्जूवर पडला तरी असे होते, त्यावर शस्त्रक्रिया आहे. पंधरा ते पंचविशीतल्या मुलांत एका हाताची झड होऊन काही वर्षांनी आपोआप थांबणारा हिरायामा नावाचा विकारही आपल्या देशात आढळतो. म्हणून तपासणी करावी, परस्पर निष्कर्ष काढू नये.

चित्रपटात आजार हुबेहूब आहे. एडी रेडमेन या नटाला त्यासाठी ऑस्कर मिळाले. परंतु मला खटकले ते असे की जेनचे कष्ट त्यात फार सुंदर दिसतात. चित्रपट तिच्याच 2007 सालच्या आठवणींवर बेतला आहे आणि तिची बाजू त्यापेक्षा कडक आहे. तीन मुले, चाकाच्या खुर्चीतला नवरा, त्याला उचलणे, भरविणे, कपडे घालणे, आणि बरीच वर्षे घरात परिचारिका नाही. आजाराविषयी बोललेलेही हॉकिंगना आवडत नसे. 1974 नंतर एखादा संशोधक विद्यार्थी घरी राहू लागला. त्याने हातभार लावायचा, बदल्यात राहायची सोय. जेनचा स्वतःचा प्रबंध स्पॅनिश काव्यावरचा. तो पुरा व्हायला एक तपाहून अधिक काळ लागला. जगाने टाळ्या वाजविल्या त्या एकासाठी.

1985 मध्ये जिनिव्हात हॉकिंगना न्यूमोनिया झाला. चित्रपटात हा प्रसंग फ्रान्समध्ये घडतो, तेवढी मोकळीक दिग्दर्शकाने घेतली आहे. कृत्रिम श्वासाचे यंत्र बंद करावे का, असे डॉक्टरांनी विचारले. जेनने ठाम नकार दिला आणि त्यांना विमानाने केंब्रिजला आणविले. गळ्याला छेद द्यावा लागला, प्राण वाचले, वाचा गेली. त्यानंतर संगणकाचा आवाज येईपर्यंत ते एका तक्त्यावर बोलत. दुसऱ्याने अक्षरांवर बोट फिरवायचे, हवे ते अक्षर आले की त्यांनी भुवई उचलायची.

हे दृश्य आले आणि मी मुलाला चित्रपट थांबवायला सांगितले.

गुरुजींच्या घरी भिंतीवर शाळेतली बाराखडी होती. उपचारांना सोयीचे म्हणून त्यांनी महाडला पहिल्या मजल्यावर खोली घेतली होती. 2021 पर्यंत हात गेले, बोलणे गेले. वहिनी पट्टीने आधी ओळ दाखवीत, मग ओळीतले अक्षर. गुरुजी भुवई उचलीत. हे त्यांना कोणी शिकविले नव्हते, दोघांनी आपसांत शोधून काढले होते.

22 जुलै 2021 चा पूर आपण कोणी विसरलेला नाही. खाली गळाभर पाणी, वीज नाही. रात्री श्वासाला मदत करणारे बायपॅप यंत्र इन्व्हर्टरवर काही तास चालले आणि बंद पडले. शेजाऱ्यांनी प्लास्टिकच्या खुर्चीतून गुरुजींना वरच्या मजल्यावर नेले. आडवे केले की श्वास कोंडे, म्हणून वहिनी त्यांना पाठीशी धरून रात्रभर बसून राहिल्या.

पाणी ओसरल्यावर चिखल तुडवीत मी गेलो. छाती तपासली, औषधे लिहिली, नेहमीप्रमाणे "घरी काळजी घ्या" म्हणालो आणि उठलो. गुरुजींनी भुवया उचलल्या. वहिनींनी पट्टी घेतली. 'ति' आले. 'चं' आले. 'बी' आले आणि त्या थांबल्या. म्हणाल्या, "काही नाही हो, उगीच." गुरुजी डोळे वटारून बघत राहिले. पट्टी मी घेतली. पुढचे अक्षर 'पी' होते, आणि त्यानंतर 'ब', 'घा'.

190/110 निघाले. डोके दुखते म्हणून त्या वर्षभर दुकानातली गोळी घेत होत्या. अडीच वर्षे दर महिन्याला ही बाई माझ्यासमोर बसत होती आणि मी तिला नवऱ्याखेरीज एकही प्रश्न विचारला नव्हता. माझ्या केसपेपरवरच्या 'घरी काळजी घ्या' या तीन शब्दांतले 'घर' म्हणजे ती एकटी होती.

त्या दिवशी मी गुरुजींच्या बहिणीला आणि मुंबईतल्या पुतण्याला फोन केला. भेटायला येणारे पुष्कळ होते. सफरचंदे आणत, चहा घेत, हळहळत आणि जात. त्यांना कामे वाटून दिली. बहिणीने आठवड्यातून दोन रात्री झोपायला यायचे. पुतण्याने महिन्यातून एक शनिवार-रविवार. पहिल्या रात्री वहिनींना झोपच आली नाही. दुसऱ्या वेळी दहा तास झोपल्या.

ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पाण्यासारख्या पातळ पदार्थाने ठसका लागतो; दाट पेज, घट्ट खीर, मऊ भात त्यापेक्षा बरा उतरतो. बसवूनच भरवावे, हनुवटी किंचित खाली ठेवून. सकाळी डोके दुखणे, दिवसा पेंग येणे, उताणे झोपता न येणे, ही श्वासाचे स्नायू थकल्याची खूण असते, ती डॉक्टरांना तात्काळ सांगावी. यंत्र घरी असेल तर वीज गेल्यावर काय करायचे ते पावसाळ्याआधी ठरवून ठेवावे. आपल्या भागात हे मी निराळे सांगायला नको.

स्टेम सेलच्या जाहिरातींना भुलू नये. गुरुजींचे भाऊ भातखाचर विकायला निघाले होते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांत रक्ताच्या विकारांखेरीज इतर आजारांवर हा मान्य उपचार नाही. या आजारात त्याचा प्रयोगच चालू शकतो, आणि प्रयोगासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात.

नोकरीचेही तसेच. सगळ्यांनी गुरुजींना राजीनामा द्यायला सांगितले होते. दिव्यांग हक्क कायदा 2016 प्रमाणे सरकारी आस्थापनेतल्या कर्मचाऱ्याला नोकरीत असताना दिव्यांगत्व आले तर त्या कारणाने काढता येत नाही. दुसरे झेपणारे काम द्यावे, तेही नसेल तर अधिसंख्य पदावर ठेवावे, वेतनश्रेणी तीच. गुरुजींचा पगार शेवटपर्यंत चालू राहिला, म्हणून बायपॅप घेता आले.

जेन आणि हॉकिंग 1990 मध्ये वेगळे झाले, 1995 मध्ये घटस्फोट झाला. मुलाने विचारले, "बाबा, मग ती सोडून गेली म्हणायची का?" चोवीस तास परिचारिका आल्या तेव्हा लग्नाला वीस वर्षे झाली होती, आणि त्यांचा खर्च अमेरिकेतल्या एका प्रतिष्ठानाने उचलला होता. मी त्याला एवढेच सांगितले की वीस वर्षांचा हिशेब दोन तासांत पाहून आपण दोघांनी निकाल देऊ नये.

गुरुजी 2022 च्या हिवाळ्यात गेले. वहिनी आता गावी असतात. महिन्यातून एकदा एस.टी.ने महाडला येतात, रक्तदाब मोजून घेतात. मागच्या खेपेस 138/86 होता.