व्हायरस गेला, पण पासवर्डांचं काय?

फुकट सिनेमे दाखवणारी साइट, पुस्तकांच्या पीडीएफ देणारं पान, नाहीतर कुणीतरी आधीच हॅक करून ठेवलेलं एखादं साधंसुधं संकेतस्थळ. मध्येच एक चौकट उगवते: ‘तुम्ही रोबोट नाही, हे सिद्ध करा.’ एरवी अशी चौकट सिग्नल किंवा झेब्रा क्रॉसिंगची चित्रं ओळखायला लावते. ही मात्र वेगळंच काही मागते. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. असल्या चौकटींची कटकट अंगवळणी पडलेली असल्यामुळे माणूस फारसा विचार न करता दाबतो. पहिल्या जोडीने विंडोजची ‘रन’ खिडकी उघडते. त्या पानाने आधीच गुपचूप क्लिपबोर्डवर ठेवलेली आज्ञा दुसऱ्या जोडीने तिथे चिकटते. एंटर दाबताच ती चालते. ना काही डाउनलोड केल्यासारखं वाटतं, ना कुठली संशयास्पद फाइल दिसते.

या युक्तीला ‘क्लिकफिक्स’ असं नाव पडलं आहे आणि 2024 पासून ती जगभर फोफावली आहे. तिच्या मागोमाग आत शिरतो तो बहुधा ‘इन्फोस्टीलर’ जातीचा प्रोग्रॅम. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, कुकीज, आपोआप भरले जाणारे पत्ते आणि कार्डांचे तपशील तो उचलतो, चोरांच्या सर्व्हरकडे पाठवतो आणि पुष्कळदा स्वतःच्या खुणा पुसून निघून जातो. सगळा कारभार काही मिनिटांत आटोपतो. ‘लुमा’ हा या जातीतला बदनाम नमुना चक्क भाड्याने मिळत असे. मे 2025 मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि अनेक देशांच्या तपास यंत्रणांनी त्याची सुमारे 2300 डोमेन बंद पाडली. त्याआधीच्या दोन महिन्यांत जगभरातल्या 3 लाख 94 हजारांहून अधिक विंडोज कॉम्प्युटरमध्ये लुमा आढळल्याचं मायक्रोसॉफ्टने तेव्हा सांगितलं होतं.

यातल्या किती मालकांना कॉम्प्युटर ‘स्लो’ वाटला असेल? बहुधा फार थोड्यांना. घरोघरची समजूत मात्र अजून तीच आहे: मशीन हँग होतंय म्हणजे व्हायरस, आणि झपझप चालतंय म्हणजे सगळं ठीक. खरं तर रखडणाऱ्या जुन्या लॅपटॉपचं दुखणं बहुतेक वेळा जीर्ण हार्ड डिस्क किंवा अपुरी रॅम हेच असतं, आणि तिथे अँटिव्हायरसपेक्षा एसएसडी बसवल्याने जास्त फरक पडतो.

ही समजूत आली कुठून, याला इतिहास आहे. एके काळी व्हायरस खरोखरच स्वतःची दवंडी पिटत. 1986 साली लाहोरमधल्या दोन भावांनी लिहिलेल्या ‘ब्रेन’ या व्हायरसमध्ये तर त्यांच्या दुकानाचा पत्ता आणि फोन नंबरही होता. ‘मायकेलअँजेलो’ हा फ्लॉपीवरून पसरे, डिस्कच्या बूट सेक्टरमध्ये दबा धरून बसे आणि 6 मार्चला, म्हणजे त्या कलावंताच्या जन्मदिवशी, हार्ड डिस्कचा सुरुवातीचा भाग पुसून टाकी. 1992 साली त्याने जगभर घबराट उडवली. त्याच सुमारास पुण्यात कॅल्क्युलेटर आणि पुढे कॉम्प्युटर दुरुस्त करणारे कैलास काटकर पाहत होते की, दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमध्ये व्हायरसचाच भरणा आहे. कॉम्प्युटर सायन्स शिकणारे त्यांचे धाकटे भाऊ संजय यांनी ते काढणारे छोटे प्रोग्रॅम लिहायला घेतले. त्यांतूनच 1990च्या दशकाच्या मध्यावर ‘क्विक हील’ उभं राहिलं आणि फेब्रुवारी 2016 मध्ये ही कंपनी शेअर बाजारात आली. दुरुस्तीच्या दुकानातून अँटिव्हायरस जन्मावा हे त्या काळाला साजेसंच होतं. बिघाड मशीनमध्ये असे, तो काढला की मशीन बरं होई आणि गिऱ्हाईक समाधानाने घरी जाई.

आता मशीन बरं झालं तरी गिऱ्हाइकाचा ऐवज बाहेर गेलेला असू शकतो, आणि सफाईचा क्रमही त्यामुळेच बदलतो. सगळ्यात आधी वाय-फाय बंद करावं किंवा केबल काढावी. बॅकअपची डिस्क किंवा पेनड्राइव्ह त्या मशीनला लावू नये. मग स्कॅनच्या मागे लागण्यापूर्वी दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून, म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत मोबाइलवरून, पासवर्ड बदलायला घ्यावेत. आधी ईमेलचा, कारण बाकीच्या सगळ्या खात्यांच्या नव्या पासवर्डच्या लिंका तिथेच येतात. नंतर बँक, मग उरलेले.

नुसता पासवर्ड बदलूनही भागत नाही. चोरीला गेलेली कुकी म्हणजे ‘हा माणूस आधीच आत आलेला आहे’ असा शिक्का मारलेला पास. तो हाती असेल तर चोराला पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही. बँकांची सत्रं काही मिनिटांत आपोआप संपतात. ईमेल आणि समाजमाध्यमांची खाती मात्र महिनोन्महिने उघडी असतात. दोन टप्प्यांची पडताळणी चालू असूनही यूट्यूब चॅनेल पळवले गेले, ते याच वाटेने. म्हणून खात्याच्या सुरक्षा सेटिंगमध्ये जाऊन सर्व उपकरणांवरून साइन आउट करणं आवश्यक असतं. त्याच खेपेला आपली मेल परस्पर तिसऱ्याच पत्त्यावर जाण्याची सोय कुणी करून ठेवली नाही ना, रिकव्हरीचा फोन नंबर बदललेला नाही ना, हेही पाहून घ्यावं. पैसे गेले असतील तर 1930 हा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक ताबडतोब फिरवायचा. रक्कम पुढच्या खात्यांत सरकण्याआधी गोठवता येते की नाही, हे वेळेवरच अवलंबून असतं.

एवढं झालं की मशीनकडे वळायचं. विंडोज 10 आणि 11 मध्ये मायक्रोसॉफ्टचं डिफेंडर मुळातच असतं. त्याच्या ‘फुल स्कॅन’शिवाय ‘ऑफलाइन स्कॅन’ असा एक पर्याय आहे आणि त्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. तो निवडला की कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि नेहमीची विंडोज उभी राहण्याआधीच तपासणी होते. चालू विंडोजमध्ये लपून बसणाऱ्या मालवेअरला त्या अवस्थेत लपायला जागा कमी मिळते. साधारण पंधरा मिनिटांचं काम. त्यानंतर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यावं तसं मालवेअरबाइट्सची फुकट आवृत्ती, ईसेटचा ऑनलाइन स्कॅनर किंवा मायक्रोसॉफ्टचा सेफ्टी स्कॅनर यांपैकी एखादं चालवावं. हा शेवटचा उतरवल्यापासून दहा दिवसांनी निकामी होतो, म्हणून दर वेळी ताजाच घ्यावा लागतो.

डिफेंडरच्या सेटिंगमध्ये ‘एक्सक्लूजन्स’ नावाची यादी असते, म्हणजे तपासणीतून वगळायच्या जागांची. ती उघडून बघणं फार उपयोगाचं. कित्येक मालवेअर स्वतःचं फोल्डर या यादीत घालतात. काही तर अख्खा सी ड्राइव्ह. आणि क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर टाकताना सोबतच्या सूचनांतली पहिली ओळ काय असते? ‘अँटिव्हायरस बंद करा.’ मालकाने स्वतःच दरवाजा उघडून दिल्यावर स्कॅनर ‘काही सापडलं नाही’ असंच सांगणार.

कधी कधी मात्र व्हायरस नसतोच. स्क्रीनच्या कोपऱ्यात सारखं ‘पाच व्हायरस सापडले’ असं झळकत असेल, तर कधीतरी कुठल्याशा साइटला नोटिफिकेशन पाठवण्याची परवानगी दिलेली असते, एवढंच. ब्राउझरच्या सेटिंगमधून ती परवानगी काढली आणि अनोळखी एक्स्टेन्शन उडवली की कटकट थांबते. पूर्ण स्क्रीन व्यापून भोंगा वाजवणारं आणि ‘मायक्रोसॉफ्टच्या’ नंबरवर फोन करायला सांगणारं पान हाही निव्वळ देखावाच. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. त्या नंबरवर भेटणारा गोडबोल्या एनीडेस्कसारखं दूरनियंत्रणाचं ॲप टाकायला लावतो आणि खरी चोरी तिथून पुढे सुरू होते. परदेशी लोकांना असं लुबाडणारी कॉल सेंटरं भारतात थाटली गेली होती, आणि मायक्रोसॉफ्ट व ॲमेझॉनच्या तक्रारींवरून सीबीआयने ऑक्टोबर 2023 मध्ये ‘ऑपरेशन चक्र-2’मध्ये त्यांच्यावर छापे टाकले होते.

झेरॉक्सच्या दुकानातून आलेल्या पेनड्राइव्हमधली सगळी फोल्डर शॉर्टकट झालेली दिसली, तर घाबरून पेनड्राइव्ह फॉरमॅट करू नये. मूळ फायली बहुधा तिथेच, लपवलेल्या अवस्थेत असतात. आधी स्कॅन करावं, मग ‘ॲट्रिब’ ही विंडोजची जुनी आज्ञा वापरून त्या पुन्हा दृश्य करता येतात. शॉर्टकटवर डबल क्लिक तेवढं करायचं नाही.

फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरची गोष्ट निराळी. घरगुती कॉम्प्युटरना सर्वाधिक छळणाऱ्या टोळ्यांपैकी एक म्हणजे ‘स्टॉप’ किंवा ‘डीजेव्हीयू’. ती प्रामुख्याने क्रॅक आणि फुकट ‘ॲक्टिव्हेटर’मधून पसरली. फायली कुलूपबंद होत असताना ती विंडोज अपडेटचा खोटा पडदा दाखवते, म्हणजे मालक निवांत चहाला जातो. मग 980 डॉलरची मागणी येते. बहात्तर तासांत संपर्क साधला तर निम्मी सूट. कित्येकदा याच पुडक्यात पासवर्डचोरही बांधलेला असतो, पण फायलींच्या शोकात बुडालेल्या माणसाचं खात्यांकडे लक्षच जात नाही.

ऑक्टोबर 2019 मध्ये एम्सिसॉफ्ट या कंपनीने डीजेव्हीयूच्या 148 प्रकारांसाठी कुलूप उघडणारं फुकट साधन काढलं. नंतरच्या प्रकारांत प्रत्येक मशीनसाठी वेगळी किल्ली सर्व्हरवरून येऊ लागल्यामुळे ते सगळीकडे चालत नाही. पण कुलूप लावताना सर्व्हरशी संपर्क झाला नसेल, तर सुटकेची शक्यता उरते. आणखी एक गंमत आहे: हा दरोडेखोर घाईत असल्यामुळे प्रत्येक फाइलचा पहिला सुमारे दीडशे केबीचाच भाग बिघडवतो. लग्नाचा कित्येक जीबींचा व्हिडिओ म्हणूनच बराचसा दुरुस्त होऊ शकतो, तर छोटी वर्ड फाइल पूर्ण जाते. बंद पडलेल्या फायली चिडून पुसून न टाकता एका वेगळ्या डिस्कवर ठेवाव्यात. डच पोलीस, युरोपोल आणि दोन सुरक्षा कंपन्यांनी जुलै 2016 मध्ये सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या उपक्रमावर अशी साधनं एकत्र मिळतात.

‘फॉरमॅट मारा’ हा गल्लीतल्या कॉम्प्युटरवाल्याचा आवडता उपाय इतका वाईट नाही. जाहिराती दाखवणारा एखादा भुरटा प्रोग्रॅम असेल तर सफाई पुरते. पासवर्डचोर, दूरनियंत्रण किंवा रॅन्समवेअर असेल तर विंडोज नव्याने टाकणंच शहाणपणाचं, कारण मागे काय उरलं हे कुणीच खात्रीने सांगू शकत नाही. अडचण त्याच्या पुढे आहे. फॉरमॅटनंतर तोच कॉम्प्युटरवाला चोरटी विंडोज टाकतो, ती चालू करायला ॲक्टिव्हेटर चालवतो, त्यासाठी डिफेंडर बंद करतो आणि फॉरमॅटचं पुण्य तिथेच धुऊन निघतं. वर डी ड्राइव्हमधलं ‘सॉफ्टवेअर’ नावाचं जुनं फोल्डर, त्यातल्या कोरलड्रॉ-फोटोशॉपच्या क्रॅकसकट, जिथल्या तिथे असतं. लॅपटॉपसोबत मूळची विंडोज आलेली असेल, तर ‘रीसेट’मधला ‘क्लाउड डाउनलोड’ हा पर्याय हेच काम घरबसल्या, फुकट आणि अधिकृत प्रतीने करतो.

उरला प्रश्न अँटिव्हायरस कोणता घ्यावा याचा. लोक देतात तेवढं महत्त्व या प्रश्नाला नाही. जर्मनीतली एव्ही-टेस्ट, ऑस्ट्रियातली एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज आणि लंडनची एसई लॅब्ज या संस्था नियमित चाचण्या घेतात आणि निकाल सगळ्यांना पाहू देतात. एव्ही-टेस्ट संरक्षण, वेग आणि वापराची सोय यांना प्रत्येकी सहा गुण देते. नामांकित उत्पादनांतला फरक तिथे बहुधा अर्ध्या-एका गुणाचा असतो आणि फुकटचं डिफेंडर गेली काही वर्षं वरच्या रांगेत बसतं आहे. एका माणसाच्या, अद्ययावत ठेवलेल्या, अस्सल विंडोज 11च्या मशीनला ते पुरतं. घरात पाच उपकरणं असतील, मुलांच्या वापरावर लक्ष ठेवायचं असेल किंवा अडचणीत कुणीतरी फोनवर मदत करावी असं वाटत असेल, तर पैसे मोजण्यात अर्थ आहे. दोन अँटिव्हायरस एकत्र टाकण्यात मात्र अजिबात नाही. ते एकमेकांवरच संशय घेत बसतात.

अँटिव्हायरस घेणं म्हणजे मशीनच्या सगळ्या किल्ल्या एका कंपनीच्या हवाली करणं, म्हणून तिचं वागणं तपासावं. फुकट अँटिव्हायरससाठी प्रसिद्ध असलेली अवास्ट आपल्या ग्राहकांचा ब्राउझिंगचा इतिहास ‘जम्पशॉट’ या उपकंपनीमार्फत विकत होती. 2020 मध्ये हे चव्हाट्यावर आलं, उपकंपनी बंद झाली आणि 2024 मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने अवास्टला 1 कोटी 65 लाख डॉलर भरायला लावले. गंमत अशी की मुंबईच्या ई-स्कॅन या अँटिव्हायरसच्या अपडेट वाटेत घुसून हल्लेखोर मालवेअर पेरत असल्याचं 2024 मध्ये उघड केलं ते अवास्टच्याच संशोधकांनी. अपडेट साध्या, कूटबद्ध न केलेल्या जोडणीवरून येत होते, हे त्यामागचं कारण. कुठल्याच कंपनीवर आंधळा विश्वास नको, एवढं यातून दिसतं. फुकटच साधन हवं असेल तर केंद्र सरकारच्या सर्ट-इनने फेब्रुवारी 2017 मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्रातही मालवेअर काढणारे प्रोग्रॅम मिळतात.

ब्रँडपेक्षा मोठा फरक पाडतात ते विंडोजचे अपडेट. 12 मे 2017 रोजी ‘वॉनाक्राय’ या रॅन्समवेअरने जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा ते ज्या भगदाडातून शिरलं ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने 14 मार्चलाच दिलेला होता. सापडले ते तो न घेतलेले, बहुतांश विंडोज 7चे कॉम्प्युटर. आता तशी वेळ विंडोज 10वर आली आहे. तिचे नेहमीचे अपडेट 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबले. घरगुती वापरासाठी नाव नोंदवून ते 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत वाढवून घेता येतात. डिफेंडरची व्हायरसयादी तिथे ऑक्टोबर 2028 पर्यंत येत राहणार असली, तरी विंडोजमधली नवी भगदाडं त्याने बुजत नाहीत.

टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप नसलेल्या जुन्या मशीनवर विंडोज 11 अधिकृतपणे चढत नाही. अशा मशीनवर लिनक्स मिंटसारखी फुकट प्रणाली टाकून बँकेची कामं, मेल आणि युनिकोड मराठी टायपिंग व्यवस्थित चालतं. युनिकोडपूर्व मराठी फॉन्टवर चालणारं जुनं छपाईचं सॉफ्टवेअर ज्यांना सोडवत नाही, त्यांनी ते चालवणाऱ्या जुन्या विंडोजचं इंटरनेट कायमचं तोडावं, फायली स्कॅन केलेल्या पेनड्राइव्हवरून न्याव्या-आणाव्यात आणि बँकेचा व्यवहार त्या मशीनवर करू नये.