चरबी घटवायची, स्नायू टिकवायचे : सप्लिमेंटचा डबा घेण्याआधी हे वाचा

लग्नसराई जवळ आली किंवा ईदनंतर वजनकाट्यावर पाय ठेवला की बऱ्याच घरांत एकच विषय निघतो, वजन कमी करायचे. तरुण मुलगा जिममधून ‘फॅट बर्नर’ची बाटली घेऊन येतो. अम्मी रात्रीचे जेवण बंद करते. महिनाभरात दोघांचे वजन उतरते आणि घरात सगळे खूश होतात. पण उतरलेल्या किलोंत चरबी किती आणि स्नायू किती, हे काटा सांगत नाही.

हा फरक समजून घ्यायला हवा. जेवणानंतर रक्तात येणारी साखर शोषून घेण्याचे मोठे काम स्नायू करतात. स्नायू घटले की साखर सांभाळणे अवघड जाते, जिना चढताना गुडघे दुखतात, उतारवयात पडण्याची भीती वाढते. उपाशी राहून उतरवलेले वजन परत येते तेव्हा बहुतेक चरबी बनूनच येते.

आपल्या लोकांचा प्रश्न वेगळा का?

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना छापली होती. उंचीच्या मानाने वजन मोजणारा बीएमआय दोघांचाही २२.३ होता. मात्र युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. म्हणजे अंगाने बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसातही चरबी जास्त आणि स्नायू कमी असू शकतात. मुळात कमी असलेले स्नायू चुकीच्या डाएटमध्ये आणखी गमावणे आपल्याला परवडणारे नाही.

स्नायू कशाने टिकतात?

तीन गोष्टींनी. पहिली, वजन हळूहळू उतरवणे. आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास पुरे. दुसरी, स्नायूंवर भार देणारा व्यायाम आठवड्यातून किमान दोन-तीन वेळा. जिम नसेल तर उठाबशा, भिंतीला टेकून दंड, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणे घरातही होते. नुसत्या चालण्याने स्नायू पुरेसे टिकत नाहीत. तिसरी गोष्ट म्हणजे प्रथिने, ज्याला आपण प्रोटीन म्हणतो.

निरोगी प्रौढ माणसासाठी आयसीएमआरने रोजचे प्रमाण वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम सांगितले आहे. व्यायाम करत चरबी घटवणाऱ्याला साधारण १.२ ते १.६ ग्रॅम लागते. ७० किलोच्या माणसाला हे ८४ ते ११२ ग्रॅम होते. आकडा मोठा वाटतो, पण हिशेब करून पाहा. नाश्त्याला तीन अंडी आणि ग्लासभर दूध, साधारण २६ ग्रॅम. दुपारी हाडांशिवाय १०० ग्रॅम शिजलेले चिकन, वाटीभर डाळ, तीन चपात्या, जवळपास ४०. रात्री दीडशे ग्रॅम मासळी, वाटीभर दही, दोन चपात्या, ३५ च्या पुढे. मधल्या वेळेत मूठभर फुटाणे, सहा. झाले शंभराच्या वर.

आपल्याकडे गोश्त रोज शिजते, मग प्रथिने भरपूर मिळतात, असा समज आहे. खरे तर बिर्याणीच्या ताटात भात डोंगराएवढा आणि बोट्या दोन असतात. सालन असेल तर वर तेलाचा तवंग. त्यातही बोट्या आधी पुरुषांच्या आणि मुलांच्या ताटात जातात, बायका रश्श्यासोबत चपाती खातात. दस्तरखानवर हे एवढे बदलले तरी निम्मे काम होते.

मग सप्लिमेंट कोणते कामाचे?

व्हे प्रोटीन : हे दुधापासूनच बनते. पनीर किंवा चीज करताना उरणाऱ्या पाण्याची ही पावडर. एका मोठ्या चमच्यात साधारण २४ ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे चार अंड्यांएवढी. जेवणातून प्रमाण भरत नसेल तर सोय म्हणून ठीक. त्याने चरबी वितळत नाही.

क्रिएटिन मोनोहायड्रेट : रोज ३ ते ५ ग्रॅम. व्यायामाची ताकद टिकवायला मदत करते, त्यामुळे स्नायू वाचतात. सुरुवातीला स्नायूंत पाणी साठून काट्यावर किलोभर वाढ दिसते, ती चरबी नसते. रक्ततपासणीत क्रिएटिनिन थोडे वाढलेले दिसू शकते, म्हणून डॉक्टरांना आधी सांगावे.

कॅफीन : परिणाम होतो, पण किरकोळ. चहा-कॉफी धरून दिवसाला ४०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये.

प्रथिने पुरेशी असतील तर बीसीएएवर पैसे घालवण्यात अर्थ नाही. एल-कार्निटिन आणि सीएलए यांचा फायदा नगण्य आहे. ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्यांनी काही लोकांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद आहे.

यांच्यापासून लांब राहा

‘डीएनपी’ हे रसायन पहिल्या महायुद्धात स्फोटकांच्या कारखान्यांत वापरले जात होते. १९३० च्या दशकात अमेरिकेत ते वजन घटवायला विकले गेले. त्याने पेशींतील ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते आणि शरीर आतून तापत जाते. लोकांना मोतीबिंदू झाले, काहींचे जीव गेले, आणि १९३८ मध्ये ते बंद झाले. तरीही इंटरनेटवरून ते आजही विकले जाते आणि त्याने माणसे मरतात. त्यावर उतारा नाही.

सिब्युट्रामिन हे औषध हृदयाच्या धोक्यामुळे २०१० मध्ये अमेरिका-युरोपातून काढले गेले. पुढे भारतातही बंदी आली. मात्र ‘शंभर टक्के हर्बल’ लिहिलेल्या वजन घटवण्याच्या कॅप्सूलमध्ये ते लपवून घातलेले परदेशातील तपासण्यांत वारंवार सापडले आहे. क्लेनब्युटेरॉल आणि मेफेंटरमाइनची इंजेक्शने हीसुद्धा औषधे आहेत, खुराक नव्हे. मुलाचे हात थरथरत असतील, झोप उडाली असेल, छाती धडधडत असेल तर ओरडण्याआधी तो काय घेतोय ते विचारा आणि डॉक्टरकडे न्या.

हलालचा प्रश्न

कॅप्सूलचे कवच अनेकदा जिलेटिनचे असते. ते डुकराचे किंवा हलाल पद्धतीने जबह न केलेल्या जनावराचे असू शकते. व्हे काढताना वापरलेले रेनेट वासराच्या पोटातले असू शकते किंवा सूक्ष्मजीवांपासून बनवलेलेही. डब्यावरचे हिरवे चिन्ह पाहा, म्हणजे जिलेटिनची शंका मिटते. हलाल प्रमाणपत्र असेल तर उत्तम. क्रिएटिन बहुधा कारखान्यात रसायनांपासून बनते, त्यामुळे कॅप्सूलऐवजी साधी पावडर घेणे सोपे. शंका उरली तर आपल्या विश्वासातल्या आलिमांना लेबल दाखवून विचारा. सोबत एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक आणि पक्के बिल हवेच. सुटी पावडर कोणाकडूनही घेऊ नका.

रमजानमध्ये

सहरीला नुसता चहा-पाव घेऊ नका, अंडी, दही, डाळ असू द्या. खजूर आणि पाण्याने इफ्तार केल्यावर भजी-समोशांआधी प्रथिने खा. भाराचा व्यायाम इफ्तारनंतर किंवा तरावीहनंतर करा. क्रिएटिन घेत असाल तर तेही इफ्तारनंतर, भरपूर पाण्यासोबत.

किडनीचा आजार, रक्तदाब, मधुमेहाची औषधे, गर्भारपण किंवा १८ च्या आतले वय असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतेही सप्लिमेंट सुरू करू नये.

प्रगती मोजायला काट्यासोबत टेपही वापरा. कंबरेचा घेर पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा. दर पंधरा दिवसांनी घेर लिहा आणि किती उठाबशा जमतात तेही लिहा. घेर कमी होतोय आणि उठाबशा तेवढ्याच किंवा जास्त जमतायत, तर चरबीच जातेय. दोन्ही घटत असतील तर दुकानात जाऊ नका, आधी ताटात काय कमी पडतेय ते बघा.