प्रकाशतंतूचे जाळे आणि त्याची विश्वासार्हता

आजचे युग हे माहितीचे युग होय, असे आपण नेहमी ऐकतो. परंतु ही माहिती आपल्या घरापर्यंत व शाळेपर्यंत कोणत्या वाटेने येते, याचा विचार आपण क्वचितच करतो. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीच्या संकेतस्थळावर भरावा लागतो, सातबाराचा उतारा ऑनलाइन मिळतो. अर्जाच्या अखेरच्या दिवशी जोडणी बंद पडली, तर विद्यार्थ्याचे एक वर्ष अडचणीत येऊ शकते. म्हणून गावात केबल आली एवढ्यावर समाधान न मानता, ती अखंड चालू कशी राहील हे आपण समजून घेतले पाहिजे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी तर याचा विशेष अभ्यास करावा, या हेतूने आम्ही हा लेख सादर करीत आहोत.

तंतू आणि त्याचे झाड

प्रकाशतंतू म्हणजे अतिशुद्ध काचेचा, केसासारखा बारीक धागा. त्याची जाडी ०.१२५ मिलिमीटर असते. १९६६ साली चार्ल्स काव व जॉर्ज हॉकहॅम यांनी असे दाखवून दिले की, काच पुरेशी शुद्ध केल्यास तिच्यातून दूर अंतरावर संदेश पाठविता येतील. या कार्याबद्दल काव यांना २००९ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

दूरध्वनी केंद्रापासून ग्राहकाच्या दारापर्यंतच्या शेवटच्या टप्प्यास ॲक्सेस नेटवर्क म्हणतात. आपल्याकडे यासाठी बहुधा जीपॉन ही पद्धत वापरतात. तिची रचना झाडासारखी असते. केंद्रातून एक तंतू निघतो, वाटेत स्प्लिटर त्याचा प्रकाश विभागतो आणि ३२ किंवा ६४ घरांकडे फांद्या जातात. स्प्लिटरला वीज लागत नाही, त्यामुळे खर्च वाचतो व बिघाडही कमी होतो. परंतु धोकाही याच रचनेत आहे. फांदी तुटली तर एक घर बंद पडते, खोड तुटले तर सर्वच घरे बंद पडतात. म्हणून आराखडा करताना पहिला प्रश्न हा विचारावा : ही एक वस्तू बिघडली, तर किती लोक अंधारात जातील?

प्रकाशाचा जमाखर्च

घरखर्चाप्रमाणे प्रकाशाचाही हिशेब मांडावा लागतो. प्रकाशाची घट डेसिबलमध्ये मोजतात. ३ डेसिबल घट म्हणजे प्रकाश जवळजवळ निम्मा होणे. जीपॉनच्या प्रचलित बी-प्लस वर्गात एकूण २८ डेसिबल घट चालते. समजा, घर केंद्रापासून १० किलोमीटरवर आहे. ३२ भागांच्या स्प्लिटरमध्ये सुमारे १७ डेसिबल जातात. तंतूत किलोमीटरला ०.३५ प्रमाणे ३.५ जातात. सहा जोडांचे ०.६ आणि चार कनेक्टरचे २ धरले, तर बेरीज २३.१ होते. शिल्लक ४.९ डेसिबल राहते.

ही शिल्लक म्हणजे अडीअडचणीसाठी ठेवलेली पुंजी होय. केबल तुटून मध्ये नवा तुकडा टाकला की दोन जोड वाढतात, कनेक्टरवर धूळ बसली की आणखी घट होते. आता खर्च वाचविण्यासाठी ६४ भागांचा स्प्लिटर लावला, तर तेथेच सुमारे २०.५ डेसिबल जातात आणि शिल्लक अवघी १.४ उरते. उद्घाटनाच्या दिवशी दोन्ही जाळी सारखीच चालतात. फरक कळतो तो काही दुरुस्त्या झाल्यानंतर.

एक वाट आणि दोन वाटा

एखादी वाट वर्षातील ९९ टक्के वेळ चालू राहते असे धरू. हा आकडा चांगला वाटतो, परंतु उरलेला एक टक्का म्हणजे वर्षाला ३ दिवस १५ तास ३६ मिनिटे. अशाच दोन स्वतंत्र वाटा दिल्या, तर दोन्ही एकाच वेळी बंद असण्याची शक्यता दहा हजारांत एक होते, म्हणजे वर्षाला सुमारे ५३ मिनिटे.

विद्यार्थी मित्रांनो, येथे 'स्वतंत्र' हा शब्द महत्त्वाचा आहे. दोन्ही केबली एकाच चरात टाकल्या, तर जेसीबीच्या एका फटक्यात दोन्ही जातात. नकाशावर दोन रेघा दिसल्या तरी ती वाट एकच होय. नदीवरील एकाच पुलावरून दोन्ही नेल्या तरीही तेच घडते.

सर्वांना सर्वत्र दोन वाटा देणे परवडत नाही. म्हणून केंद्रापासून स्प्लिटरपर्यंतच्या खोडास दोन वाटा द्याव्यात, कारण त्यावर अनेकजण अवलंबून असतात. त्यासाठी दोन तोंडांचे स्प्लिटर मिळतात. घरापर्यंतची फांदी एकेरी चालेल. मात्र रुग्णालयासारख्या ठिकाणी शेवटपर्यंत दोन वाटा असणेच योग्य.

भारतनेटचा धडा

आपल्या देशातील मोठे उदाहरण भारतनेटचे आहे. ग्रामपंचायतींना प्रकाशतंतूने जोडण्याच्या या योजनेस ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. महाराष्ट्रात तिच्या दुसऱ्या टप्प्याचे काम महानेट प्रकल्पातून झाले. आरंभीची रचना बव्हंशी सरळ रेषेची होती. अशा रचनेत केबल मध्येच तुटली की पुढची गावे तुटतात. ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला व त्यात वलयाकार रचना स्वीकारण्यात आली. वलयात प्रत्येक गावास दोन बाजूंनी वाट असते. एका ठिकाणी तुटले तरी दुसऱ्या बाजूने संदेश पोहोचतो.

दुरुस्ती, वीज आणि नोंदी

केबल वर्षातून चार वेळा तुटली आणि दर वेळी दुरुस्तीस २४ तास लागले, तर ९६ तास जातात. तेच काम ६ तासांत झाले, तर केवळ २४ तास जातात. ओटीडीआर हे यंत्र प्रकाशाचा ठोका पाठवून किती मीटरवर तंतू तुटला ते सांगते. परंतु ते ठिकाण जमिनीवर कोठे येते, हे कळण्यास अचूक नकाशा व नोंदवही लागते. प्रत्येक जोडाजवळ केबलचे जादा वेटोळे ठेवले, तर दुरुस्ती सोपी होते. खोदण्यापूर्वी केबलच्या मालकास कळविता यावे, म्हणून मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲपही सुरू झाले आहे.

विजेचाही विसर पडू नये. जुन्या तांब्याच्या तारेतून दूरध्वनीस केंद्रातूनच वीज मिळत असे. काचेतून वीज वाहत नाही. त्यामुळे केंद्रात व ग्राहकाकडे दोन्हीकडे बॅटरी हवी, नाहीतर तंतू शाबूत असूनही जोडणी बंद राहते.

आपल्या वस्तीत, शाळेत वा वसतिगृहात अशी जोडणी घेतली जाईल तेव्हा वेग आणि दर यांबरोबर तीन प्रश्न अवश्य विचारावेत. दुसरी वाट आहे काय, आणि ती वेगळ्या चरातून जाते काय? वीज गेल्यावर किती तास चालेल? तुटल्यास किती तासांत जोडून देणार? याची उत्तरे लेखी घ्यावीत. आणि उद्या आपल्यातील जे विद्यार्थी अभियंते होऊन असे आराखडे करतील, त्यांनी प्रत्येक रेघ ओढताना तिच्या टोकाला कोण बसले आहे, हे ध्यानात ठेवावे, एवढीच आमची अपेक्षा.