आदिवासी भागातील शिक्षकाचे पद : एक जागा, दोन उद्दिष्टे

अनुसूचित क्षेत्रातील प्राथमिक शाळेत शिक्षकाची एक जागा भरली जाते, तेव्हा शासनाची दोन उद्दिष्टे एकाच वेळी कसाला लागतात. त्या जागेवर स्थानिक आदिवासी तरुणाची वा तरुणीची नेमणूक झाली, तर एका कुटुंबाला कायम वेतनाचा आधार मिळतो. आणि पहिलीत नुकत्याच बसलेल्या मुलाला त्याची बोली जाणणारा शिक्षक लाभतो. अशा जागा कोणासाठी राखून ठेवाव्यात, हा प्रश्न या शतकाच्या आरंभापासून वारंवार न्यायालयापुढे आला आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार देशातील अनुसूचित जमातींची लोकसंख्या १० कोटी ४३ लाख, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. या समाजातील साक्षरता ५९ टक्के होती. देशाची सरासरी ७३ टक्के. दुर्बल घटकांच्या, विशेषतः अनुसूचित जाती व जमातींच्या, शैक्षणिक हिताची जबाबदारी राज्यघटनेच्या कलम ४६ ने राज्यसंस्थेवर टाकली आहे. केंद्र शासनाच्या सेवेत अखिल भारतीय स्तरावरील थेट भरतीत जमातींसाठी ७.५ टक्के जागा राखीव असतात. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये असून, बहुतेक राज्यांत खर्चाचा ७५ टक्के वाटा केंद्र उचलते. आश्रमशाळा व वसतिगृहे वेगळीच. योजनांची वानवा आहे असे म्हणता येणार नाही.

अडचण सुरू होते ती पहिल्या इयत्तेत. घरात गोंडी, कोरकू, भिली किंवा कुई बोलणारे मूल शाळेत येते आणि पाठ्यपुस्तक मराठी, हिंदी, तेलुगू वा ओडिया असते. प्राथमिक स्तरावर भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून शिकण्याची सोय करावी, असे कलम ३५०-क सांगते. ते १९५६ मध्ये घटनेत समाविष्ट झाले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेही शिक्षणाचे माध्यम शक्यतो मातृभाषा असावे असे म्हटले. ‘शक्यतो’ या शब्दाचा आधार प्रशासनाने पुरेपूर घेतला, हे मान्य करावे लागेल.

आंध्र प्रदेशाने यावर सरळ उपाय योजला. तेथील अनुसूचित क्षेत्राला ‘एजन्सी’ म्हणतात. बाहेरून नेमलेले शिक्षक या दुर्गम पाड्यांवर राहत नाहीत, शाळा बंद राहतात, असा शासनाचा अनुभव होता. म्हणून राज्यपालांनी पाचव्या अनुसूचीतील अधिकार वापरून जानेवारी २००० मध्ये आदेश काढला. या क्षेत्रातील शाळांमधील शिक्षकांच्या सर्व जागा स्थानिक अनुसूचित जमातींच्या उमेदवारांतून भरावयाच्या, आणि त्यांतील एक तृतीयांश महिलांसाठी. अनेक पाड्यांवरील तरुणांना सरकारी नोकरीचा हाच जवळचा मार्ग झाला.

२२ एप्रिल २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हा आदेश रद्द केला. १९९२ च्या इंद्रा साहनी निकालातील ५० टक्क्यांच्या मर्यादेपलीकडे शंभर टक्के आरक्षण देता येत नाही आणि राज्यपालांचे विशेष अधिकारही मूलभूत हक्कांना बाध आणू शकत नाहीत, असे न्यायालयाने ठरविले. आदिवासींना आदिवासींनीच शिकवावे, ही कल्पनाही न्यायालयाला मान्य झाली नाही. आदेशाखाली झालेल्या नेमणुकांना मात्र सशर्त संरक्षण मिळाले. झारखंडमधील १३ अनुसूचित जिल्ह्यांत शिक्षकांच्या जागा स्थानिक रहिवाशांसाठीच राखून ठेवण्याचा निर्णयही २०२२ मध्ये याच तत्त्वावर टिकला नाही.

महाराष्ट्रातही प्रश्न याच वळणावर आला. राज्याच्या १३ जिल्ह्यांत अनुसूचित क्षेत्र आहे. २०१४ च्या अधिसूचनेने या क्षेत्रातील तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक, परिचारिका, वनरक्षक आदी पदे स्थानिक आदिवासी उमेदवारांतून भरण्याचे ठरले. पुढे अशा संवर्गांची संख्या १७ झाली. ही ‘पेसा भरती’ न्यायालयीन वादात अडकली. निवड होऊनही नियुक्तिपत्र हाती न आलेल्या उमेदवारांनी २०२४ मध्ये नाशिक येथे आंदोलन केले. त्याच वर्षी ४ ऑक्टोबर रोजी विधानसभेचे तत्कालीन उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी आदिवासींच्या मागण्यांसाठी मंत्रालयातील संरक्षक जाळीवर उडी घेतली. घटनात्मक पदावरील व्यक्तीला हा मार्ग पत्करावा लागला, यावरून प्रश्नाची धग कळते.

केंद्राच्या एकलव्य आदर्श निवासी शाळांचा अनुभव याच्या उलट आहे. १९९७-९८ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत सहावी ते बारावीच्या ४८० विद्यार्थ्यांसाठी एक शाळा असते. ७४० शाळांसाठी तीन वर्षांत ३८,८०० शिक्षक व कर्मचारी नेमण्याची घोषणा २०२३ च्या अर्थसंकल्पात झाली. पूर्वी या नेमणुका राज्य स्तरावर होत. आता एकच राष्ट्रीय परीक्षा आली आणि हिंदीचे ज्ञान आवश्यक ठरले. परिणामी उत्तरेकडील राज्यांतील अनेक उमेदवार दक्षिणेतील शाळांवर रुजू झाले आणि लवकरच बदल्यांचे अर्ज करू लागले. त्यांनी स्थानिक भाषा शिकून घ्यावी, अशी शासनाची अपेक्षा आहे. पदे मोठ्या संख्येने भरली गेली, ही जमेची बाजू आहेच. परंतु विद्यार्थ्याच्या बोलीचा प्रश्न तिथेच राहिला.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. २०२० च्या निकालाने बंधन घातले ते टक्केवारीवर. स्थानिक बोलीचे ज्ञान ही पदाची पात्रता असावी की नाही, हा त्या वादाचा मुख्य विषय नव्हता. कोणत्याही जातीजमातीच्या उमेदवाराला गोंडी येत असेल, तर गोंडी पाड्यावरील शाळेत त्याला प्राधान्य मिळावे, ही मागणी आरक्षणाहून निराळी आहे. ओडिशाने २००६-०७ पासून संथाळी, सौरा, कुई, कोया, जुआंग यांसह दहा आदिवासी भाषांतून प्राथमिक शिक्षण सुरू केले, तेव्हा त्या भाषा जाणणारे शिक्षक शोधणे त्याला क्रमप्राप्तच होते.

असे उमेदवार तयार होणे मात्र सोपे नाही. बारावीनंतर दोन वर्षांची अध्यापन पदविका आणि २०१० पासून अनिवार्य झालेली शिक्षक पात्रता परीक्षा, हे दोन टप्पे ओलांडावे लागतात. त्या परीक्षेत सर्वसाधारण उत्तीर्णतेची मर्यादा ६० टक्के असून राखीव प्रवर्गांना सवलत देण्याची मुभा आहे. ज्या मुलीने पहिलीपासून परक्या भाषेत अक्षरे गिरवली, तिने या परीक्षेपर्यंत पोहोचायचे ते मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि तालुक्याच्या वसतिगृहातील एका खाटेच्या आधारावर. शिष्यवृत्तीचा हप्ता लांबला, की महाविद्यालयाचे शुल्क थकते आणि ती गावी परत येते.